शॉवरचं पाणी मध्येच गार, मध्येच कढत: इंग्लंडच्या घरातला थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह स्वतः कसा दुरुस्त करायचा

रेडिंगमधल्या आमच्या घरात दुसऱ्या हिवाळ्यात शॉवर बिघडला. आधी छान कोमट पाणी यायचं, मग एकदम गार, मग चटका बसेल इतकं गरम. घरात चार वर्षांची मुलगी होती आणि पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेली आई. एक प्लंबर आला, दोन मिनिटं मूठ फिरवून पाहिली आणि 'अख्खा व्हॉल्व्ह बदलावा लागेल' म्हणाला. त्याने सांगितलेला आकडा मोठा होता, म्हणून 'विचार करून कळवतो' असं सांगितलं आणि त्या रात्री व्हॉल्व्हचं माहितीपत्रक शोधून वाचलं. शनिवारी उघडून पाहिलं, तर थंड पाण्याच्या बाजूच्या जाळीत रव्यासारखा पांढरा चुरा गच्च बसला होता. जाळ्या धुतल्या आणि शॉवर सुरळीत झाला. पुढे दोन वर्षांनी मात्र आतलं कार्ट्रिज, म्हणजे व्हॉल्व्हच्या पोटातला काढता-घालता येणारा भाग, खरोखरच गेलं, तेव्हा तेही मीच बदललं.

इथे नव्याने आलेल्या बऱ्याच मराठी घरांतून मला याबद्दल विचारणा होते. आपल्याकडे गीझर, बादली आणि दोन नळ यांची सवय असते. इथली भिंतीवरची आडवी चकचकीत नळी आत काय करते ते कुणी सांगत नाही. म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे. एक गोष्ट आधीच सांगतो: हा व्हॉल्व्ह सोयीसाठी आहेच, पण त्याहून जास्त तो भाजण्यापासून वाचवण्यासाठी आहे. त्यामुळे नववी आणि दहावी पायरी, म्हणजे तापमान जुळवणं आणि चाचणी, कितीही कंटाळा आला तरी गाळू नका.

१. आधी ओळखा: तुमचा शॉवर कोणता?

भिंतीवर आडवी नळी आणि तिच्या दोन्ही टोकांना मुठी असतील, तर तो थर्मोस्टॅटिक बार व्हॉल्व्ह. एक मूठ पाणी चालू-बंद करते, दुसरी तापमान ठरवते. तापमानाच्या मुठीवर बहुधा ३८ हा आकडा आणि एक छोटं बटण असतं. ते दाबल्याशिवाय मूठ ३८ अंशांच्या पुढे जात नाही. मुलांना हे बटण दाबायचं नाही, एवढं आधी शिकवा.

भिंतीत पुरलेला व्हॉल्व्ह असेल तर बाहेर फक्त गोल किंवा चौकोनी पत्रा आणि मुठी दिसतात. आतलं तत्त्व तेच.

पण भिंतीवर पांढरी प्लॅस्टिकची पेटी असेल आणि छताला ओढायची दोरी किंवा बाहेर मोठं स्विच असेल, तर तो इलेक्ट्रिक शॉवर. तो पाणी तिथल्या तिथे तापवतो आणि साधारण साडेसात ते साडेदहा किलोवॉट वीज खेचतो. त्याचं झाकण उघडू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. पुढचं काहीही त्या शॉवरला लागू नाही.

२. आत काय चालतं

कार्ट्रिजच्या पोटात मेणासारख्या पदार्थाची एक छोटी कुपी असते. मिसळलेलं पाणी तिच्यावरून वाहतं. पाणी जास्त गरम झालं की मेण फुगतं, दांडा सरकतो आणि गरम पाण्याची वाट अरुंद होते. पाणी गार झालं की मेण आकसतं, स्प्रिंग दांडा मागे ढकलते आणि गरम पाण्याची वाट पुन्हा मोकळी होते. म्हणून कुणी स्वयंपाकघरात नळ सोडला तरी शॉवरचं तापमान फारसं हलत नाही.

दोन्ही पाणी जिथून आत शिरतं तिथे बारीक जाळ्या असतात आणि त्यांच्या मागे पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या झडपा. एकूण बिघडण्यासारखे भाग चारच: जाळ्या, झडपा, तापमानाचं कार्ट्रिज आणि चालू-बंद करणारं कार्ट्रिज. बाकी सगळी पितळेची नळी, ती वर्षानुवर्षं टिकते.

या सगळ्यांचा शत्रू एकच, क्षार. आग्नेय इंग्लंडात पाणी खडूच्या आणि चुनखडीच्या थरांतून झिरपून येतं, म्हणून लंडन, रेडिंग, ल्यूटन या पट्ट्यात ते जड असतं. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, तोच प्रकार. मँचेस्टर किंवा ग्लासगोला राहणाऱ्यांना हा त्रास फार कमी. तुमच्या पाणी कंपनीच्या साइटवर पोस्टकोड टाकला की पाण्याचा जडपणा कळतो. तो लिटरमागे २०० मिलिग्रॅमच्या वर असेल, तर खालची देखभाल दरवर्षी करा.

३. दोष नक्की कुठे आहे?

भाग मागवण्याआधी हे करा. इथेच सगळ्यात जास्त पैसे वाचतात.

स्वयंपाकघरातल्या सिंकचा गरम नळ सोडा, वेग शॉवरएवढाच ठेवा आणि त्याखाली थर्मामीटर धरून तीन मिनिटं आकडा पाहा. तिथेच आकडा वर-खाली होत असेल तर दोष बॉयलरकडे आहे, शॉवरचा व्हॉल्व्ह निर्दोष. उन्हाळ्यात कॉम्बी बॉयलरचं (गरम पाणी साठवून न ठेवता नळ सोडल्यावर तापवणारा बॉयलर) असं वारंवार होतं. नळाचं पाणी आधीच फार गार नसतं, शॉवरही हळू सोडलेला असतो. अशा वेळी बॉयलरची सगळ्यात छोटी ज्योतसुद्धा जास्त पडते आणि तो बंद-चालू होत राहतो. शॉवर जरा जोरात सोडून पाहा. तरी फरक पडला नाही तर गॅस सेफ (गॅसची कामं करणाऱ्यांची इथली अधिकृत नोंदवही) नोंदणी असलेल्या माणसाला बोलवा. बॉयलरचं झाकण आपण उघडायचं नाही.

हिवाळ्यात उलटी तक्रार असते: धार बारीक झाली. २४ किलोवॉटचा कॉम्बी बॉयलर पाणी ३५ अंशांनी तापवताना मिनिटाला जेमतेम दहा लिटर देऊ शकतो. नळाचं पाणी पाच-सहा अंशांवर उतरलं की धार उन्हाळ्यापेक्षा बारीकच पडते. हा बिघाड नव्हे.

सिंकचं पाणी स्थिर असेल, तर लक्षणं अशी वाचा.

धार बारीक आणि तापमान डगमगतं: जाळ्या तुंबल्या. आधी शॉवरचं डोकं काढून पाहा. कधी कधी तुंबलेलं तेच असतं.

पाणी कोमटच्या वर जातच नाही, किंवा मूठ फिरवूनही फरक पडत नाही: तापमानाचं कार्ट्रिज गेलं किंवा क्षाराने अडकलं.

शॉवर बंद असताना दुसऱ्याच एखाद्या गरम नळातून गार पाणी यायला लागलं, किंवा गरम नळी हाताला गार लागते: झडप निकामी झाली असून थंड पाणी गरम नळीत घुसतं आहे.

शॉवर बंद केल्यावरही ठिबकतो: घाई करू नका. डोक्यात आणि वरच्या नळीत अडकलेलं पाणी काही मिनिटं गळतंच, कधी तर मध्येच एकदम ओंजळभर सांडतं. खाली वाटी ठेवून झोपा. सकाळी ती भरलेली दिसली तर चालू-बंद करणारं कार्ट्रिज बदलायचं.

मूठ घट्ट फिरते: बहुतेक वेळा क्षार आणि सुकलेलं ग्रीस. साफसफाईने भागतं.

घर नवं आहे किंवा व्हॉल्व्ह नुकताच बसवला आहे आणि पहिल्या दिवसापासून नीट चालत नाही: गरम-थंड नळ्या उलट जोडल्या असण्याची शक्यता मोठी आहे. इथला संकेत असा की गरम डावीकडे, थंड उजवीकडे. उलट जोडलेल्या व्हॉल्व्हमध्ये कितीही नवी कार्ट्रिजं घाला, तो चालणार नाही. काही कंपन्या अशा जोडणीसाठी वेगळं, उलटं कार्ट्रिज विकतात.

४. भाड्याचं घर असेल तर इथेच थांबा

इंग्लंडमध्ये साध्या भाडेकरारावर राहत असाल तर हे काम तुमचं नाही. १९८५ च्या 'लँडलॉर्ड अँड टेनंट' कायद्याच्या कलम ११ प्रमाणे पाणी, गॅस, वीज आणि गरम पाण्याची घरातली यंत्रणा दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ईमेल पाठवा, त्यात तारीख, लक्षणं आणि थर्मामीटरचा फोटो टाका. 'घरात लहान मूल आहे, पाणी अचानक कढत होतं' हे वाक्य स्पष्ट लिहा. आपली माणसं भिडेपोटी फोनवर दोन शब्द बोलून गप्प बसतात. लेखी कळवलेलं असेल तर पुढे दाद मागणं सोपं जातं. स्वतः उघडलंत आणि खालच्या मजल्यावर पाणी झिरपलं, तर खर्च तुमच्या अंगावर येऊ शकतो.

स्वतःचा फ्लॅट असेल तर पाणी कुठे बंद होतं ते आधी इमारतीच्या व्यवस्थापनाला विचारून ठेवा.

५. जमवायच्या वस्तू आणि कागद

कागद: व्हॉल्व्हचं माहितीपत्रक (घर घेताना मिळालेल्या फाइलमध्ये बऱ्याचदा असतं), वॉरंटीची पावती आणि मॉडेलचं नाव. ग्रोहे, हान्सग्रोहे, माइरा, अक्वालिसा, ब्रिस्टन यांची नावं नळीवर किंवा मुठीवर कोरलेली असतात, पण मॉडेल नसतं. त्यामुळे समोरून, बाजूने आणि खालून फोटो काढून कंपनीच्या ग्राहक सेवेला पाठवा. नेमका भाग क्रमांक तिथून मिळतो. वॉरंटी चालू असेल तर काहीही उघडण्याआधी विचारा. कार्ट्रिज फुकटही मिळू शकतं.

हत्यारं: मोठा अ‍ॅडजस्टेबल पाना, अ‍ॅलन कीचा संच (मुठीच्या बारीक स्क्रूला बहुतेक २.५ किंवा ३ मिलिमीटरची लागते), चपटा आणि चौफुलीचा स्क्रूड्रायव्हर, जुना टूथब्रश, स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर, बादली, दोन जुने टॉवेल.

सामान: पिण्याच्या पाण्याला चालणारं सिलिकॉन ग्रीस, नवे वॉशर, पांढरं व्हिनेगर किंवा सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे आपण ढोकळ्यात घालतो ते लिंबूसत्त्व. व्हॅसलीन वापरू नका. पेट्रोलियमने रबरी ओ-रिंग फुगतात आणि थोड्याच दिवसांत फाटतात.

सगळ्यात मोठा सापळा इथेच आहे. ऑनलाइन 'सगळ्यांना बसणारं' कार्ट्रिज स्वस्तात दिसतं. लांबी, आटे आणि टोकाचे दाते यांतलं एक जरी चुकलं तरी ते बसत नाही. आणि नेटाने बसवलंत तर आत ते नीट टेकत नाही. तापमानाचं कार्ट्रिज मूळ कंपनीचंच घ्या. चालू-बंदचं कार्ट्रिज दुसऱ्या बनावटीचं चालेल, पण जुनं हातात धरून दाते मोजल्यावरच मागवा.

६. पाणी बंद करणं

व्हॉल्व्हकडे येणाऱ्या नळ्यांवर छोटे आयसोलेशन व्हॉल्व्ह असतील, तर त्यांची खाच स्क्रूड्रायव्हरने पाव फेरा फिरवा. खाच नळीला आडवी झाली की पाणी बंद. ते नसतील तर मुख्य स्टॉपकॉक, म्हणजे घरात येणारं सगळं पाणी बंद करणारा नळ, शोधा. तो बहुतेक स्वयंपाकघराच्या सिंकखाली असतो आणि घड्याळाच्या दिशेने बंद होतो. कॉम्बी बॉयलरच्या घरात एवढ्याने गरम-थंड दोन्ही थांबतं.

माळ्यावर टाकी आणि कपाटात तांब्याचं सिलिंडर अशी जुनी रचना असेल तर स्टॉपकॉक बंद करूनही टाकीतलं पाणी येत राहतं. सिलिंडरजवळ लाल चाकाचा व्हॉल्व्ह असतो. तो वर्षानुवर्षं फिरवलेला नसेल तर जोर लावू नका, दांडा तुटतो. अशा घरात पहिल्या वेळी प्लंबरला बोलावून आयसोलेशन व्हॉल्व्ह बसवून घ्या. तो खर्च सार्थकी लागतो.

पाणी बंद केल्यावर शॉवर पूर्ण उघडा आणि धार संपेपर्यंत थांबा. धार थांबली नाही तर पुढे जाऊ नका.

आता मोरीच्या तोंडावर बोळा बसवा आणि ट्रेमध्ये टॉवेल पसरा. बारीक स्क्रू मोरीत गेला की तसा दुसरा मिळवताना आठवडा जातो.

७. जाळ्या आणि झडपा

बार व्हॉल्व्ह भिंतीला दोन मोठ्या नटांनी धरलेला असतो. नटावर फडकं गुंडाळा, मग पाना लावा. नाहीतर क्रोमवर ओरखडे कायमचे. दोन्ही नट थोडे थोडे आळीपाळीने सैल करा आणि नळी हाताने धरून ठेवा. आत अडकलेलं पाणी सांडेल.

नळीच्या मागच्या दोन भोकांत जाळ्या दिसतील. चपट्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने अलगद काढा, कोणती कुठल्या बाजूची आणि कशी बसली होती त्याचा फोटो घ्या. व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून टूथब्रशने घासा. झडपेचा मधला भाग बोटाने दाबल्यावर सहज आत जाऊन परत बाहेर यायला हवा. अडकत असेल तर झडप बदला, तिची किंमत फारशी नसते.

क्रोमवर व्हिनेगर तासन्‌तास ठेवू नका आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड तर बाटलीतून बाहेरही काढू नका. त्याने क्रोम उडतं, खालचं पितळही खातं.

लक्षणं जाळीची होती, तर इथे जोडून पाहा. तीनदा उघडलेल्या शॉवरांत दोनदा माझं काम इथेच संपलं आहे.

८. कार्ट्रिज काढणं आणि घालणं

तापमानाची मूठ काढण्याआधी ती बरोबर ३८ वर आणा आणि फोटो काढा. टोकाची टोपी नखाने किंवा पातळ पट्टीने उचकटते, आत स्क्रू असतो. काही मुठींना खालच्या अंगाला अ‍ॅलन कीचा स्क्रू असतो. मुठीच्या आत प्लॅस्टिकची एक अडकण-चकती असते, ३८ वर थांबवणारी ती हीच. तिच्या जागेची मार्करने खूण करा. हे सोपं वाटतं, पण जोडताना सगळ्यात जास्त गोंधळ या चकतीचाच होतो.

आतलं कार्ट्रिज षटकोनी नटाने किंवा स्वतःच्याच आट्यांनी बसलेलं असतं. पाना लावून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. निघत नसेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं आट्यांभोवती वीस मिनिटं गुंडाळून ठेवा आणि पुन्हा प्रयत्न करा. हिसका देऊ नका. नळी हलली तर भिंतीतला जोड ढिला होतो आणि ती गळती महिन्यांनी, टाइलमागे ओल आल्यावर कळते.

जुनं कार्ट्रिज फुटलेलं किंवा गंजलेलं नसेल तर आधी अख्खंच्या अख्खं व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवून, धुऊन, घालून पाहा. पण त्याचे भाग सुटे करू नका. आतली स्प्रिंग आणि मेणाची कुपी कारखान्यात जुळवलेली असते.

नवं घालण्याआधी नळीची आतली बाजू फडक्याने पुसा, ओ-रिंगना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. आटे आधी बोटांनी धरा. सहज फिरले तर सरळ बसताहेत, अडले तर मागे घ्या. शेवटी पान्याने पाव फेरा, बस्स. चालू-बंदचं कार्ट्रिजही असंच. ते काढताना आणि घालताना बंद स्थितीत ठेवा.

नळी परत भिंतीला लावताना नवे वॉशर घाला. नट आणि वॉशरच्या जोडाला टेफ्लॉन टेप लागत नाही, गळती वॉशर थांबवतो.

९. तापमान जुळवणं

मूठ अजून लावायची नाही. आयसोलेशन व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, जोडांवर कोरडा कागद फिरवून ओल येते का पाहा. शॉवर सोडा, त्याचं डोकं बादलीत धरा आणि त्यात थर्मामीटर ठेवा. गरम पाणी व्हॉल्व्हपर्यंत पूर्ण पोचू द्या, एखादं मिनिट. मग कार्ट्रिजचा दांडा हाताने थोडा थोडा फिरवा, प्रत्येक वेळी काही सेकंद थांबा. आकडा ३८ वर स्थिर झाला की दांडा न हलवता अडकण-चकती आणि मूठ अशा बसवा की मुठीवरचा ३८ खुणेसमोर येईल आणि बटण तिथेच अडेल.

आता बटण दाबून मूठ शेवटपर्यंत फिरवा आणि आकडा वाचा. इथल्या टीएमव्ही (थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह) मानकांत शॉवरसाठी ४१ अंश ही वरची मर्यादा धरली आहे. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर मी त्याहून पुढे जाऊ देत नाही. बऱ्याच मॉडेलांत त्यासाठी दुसरी अडकण असते.

सिलिंडरच्या घरात पाणी साठ अंशांवर साठवतात, कारण त्याखाली न्यूमोनियासारखा आजार करणारे लीजनेला जिवाणू वाढू शकतात. ते बरोबरच आहे, पण साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं. लहान मुलाची तर त्याहूनही लवकर.

१०. थंड पाणी तोडून पाहण्याची चाचणी

याला दोन माणसं लागतात. शॉवर ३८ वर चालू, डोकं बादलीत, खाली कुणी उभं नाही. दुसऱ्याने फक्त थंड बाजूचा आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद करायचा. चांगला व्हॉल्व्ह काही सेकंदांत गरम पाणीही जवळजवळ थांबवतो. थंड पुन्हा सोडल्यावर आकडा पहिल्याच्या दोन अंशांच्या आत परत यायला हवा.

थंड बंद केल्यावर कढत पाणी वाहतच राहिलं, तर तो शॉवर त्या दिवशी कुणीही वापरायचा नाही. बहुतेक वेळा कार्ट्रिज पूर्ण टेकलेलं नसतं किंवा भाग चुकीचा असतो.

वेगळा आयसोलेशन व्हॉल्व्ह नसेल तर शॉवर चालू ठेवून संडासाचं फ्लश ओढा, स्वयंपाकघरात थंड नळ पूर्ण सोडा आणि थर्मामीटर पाहा. ही चाचणी कच्ची आहे, पण काहीच न करण्यापेक्षा बरी.

११. पुढची देखभाल

महिन्यातून एकदा तापमानाची मूठ या टोकापासून त्या टोकापर्यंत चार-पाचदा फिरवा. आमच्याकडे सगळे जण ३८ वरच अंघोळ करत, मूठ कुणी हलवतच नसे, आणि कार्ट्रिज तिथेच क्षाराने धरलं गेलं. दर तीन महिन्यांनी शॉवरचं डोकं काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवा. वर्षातून एकदा जाळ्या धुवा आणि दहाव्या पायरीची चाचणी पुन्हा करा.

भारतात पाच-सहा आठवडे राहून परत आलात तर लगेच अंघोळीला उभे राहू नका. नळीतलं पाणी इतके दिवस साचलेलं असतं, त्यात लीजनेला वाढलेले असू शकतात. शॉवरचं डोकं काढा, नळीचं टोक मोरीजवळ धरून आधी गरम, मग थंड पाणी काही मिनिटं वाहू द्या. तुषार उडू देऊ नका, खिडकी उघडी ठेवा.

आई-बाबांसाठी इथून असा व्हॉल्व्ह गावी न्यावा का, असंही मला विचारतात. गीझर आणि थंड नळ दोन्ही गच्चीवरच्या एकाच टाकीवर असतील तर दोन्हीकडचा दाब सारखा असतो, ही जमेची बाजू. पण दहा मीटर उंचीमागे दाब साधारण एक बार, म्हणजे वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावर तीन मीटर असेल तर जेमतेम ०.३ बार. माहितीपत्रकात किमान दाब किती लिहिला आहे ते पाहूनच घ्या. माझ्या आईच्या घरी तो पुरत नव्हता, म्हणून तिथे व्हॉल्व्ह न बसवता गीझरचा थर्मोस्टॅटच खाली आणून ठेवला आहे.